कँकमॉगसचे फॉल कलर्स: तारीख नको, उंची बघा

सप्टेंबर उजाडला की बॉस्टन आणि न्यू जर्सीकडच्या मराठी घरांत एकच विचारणा सुरू होते: "यंदा पीक कधी?" पीक म्हणजे इथे शेतातलं नव्हे, पानांचा रंग सगळ्यात भरात असण्याचा काळ. कुणीतरी एक तारीख सांगतं, त्या तारखेचं हॉटेल बुक होतं, आणि प्रत्यक्ष गेल्यावर झाडं अजून हिरवीच असतात, नाहीतर आदल्या दिवशीच्या वाऱ्यापावसाने माथा उघडा पडलेला असतो. व्हाइट माउंटन्स या डोंगररांगेत फॉल कलर्स, म्हणजे शरदात पानांवर चढणारे रंग, बघायचे तर तारखेपेक्षा उंचीचा हिशेब जास्त कामाला येतो. रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकतो, तसाच तो माथ्यावरून दरीत उतरतो, आणि या उतरण्याला दोन-अडीच आठवडे लागतात. ज्या रस्त्यावर सातशे मीटरचा चढ-उतार आहे, त्यावर या काळात कुठल्या ना कुठल्या वळणावर रंग भेटतोच. न्यू हॅम्पशायरमधला कँकमॉगस हायवे असा रस्ता आहे, म्हणून हा सगळा लेख त्याच्याभोवती.

राज्य मार्ग ११२ चा कॉनवे ते लिंकन हा ३४.५ मैलांचा भाग म्हणजे कँकमॉगस हायवे. तिथले लोक नुसतं 'कँक' म्हणतात. पेनाकूक या मूळ अमेरिकी जमातीचा सतराव्या शतकातला नेता कँकमॉगस, त्याच्या नावावरून हे नाव आलं. दोन्ही बाजूंनी आलेले रस्ते १९५९ साली एकमेकांना जोडले गेले, आणि १९६८ पासून हिवाळ्यातही बर्फ हटवून रस्ता चालू ठेवतात. कॉनवे समुद्रसपाटीपासून साधारण १४० मीटरवर आहे, लिंकन २५० मीटरवर, आणि मधली कँकमॉगस खिंड ८७० मीटरवर, म्हणजे २,८५५ फुटांवर. कॉनवेकडून निघालं की बराच वेळ स्विफ्ट नदी सोबत असते. खिंड ओलांडली की पाणी दुसऱ्या बाजूला, पेमिजवॅसेट नदीकडे वाहू लागतं.

या ३४.५ मैलांत गॅस स्टेशन नाही, हॉटेल नाही, दुकान नाही, आणि बहुतेक भागात फोनला रेंज नाही. म्हणून तो इतका देखणा राहिला आहे, आणि म्हणूनच तयारी घरून करून निघावं लागतं.

इथलं जंगल मुळात असंच होतं असं मात्र समजू नका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकूड कंपन्यांनी हे डोंगर अक्षरशः भादरले, लाकूड वाहायला दऱ्यांतून रेल्वे घातल्या, आणि मागे राहिलेल्या फांद्या-पाल्याला आगी लागल्या. ओरड झाली तेव्हा १९११ साली वीक्स कायदा झाला, सरकारने जमीन विकत घ्यायला सुरुवात केली आणि १९१८ साली व्हाइट माउंटन राष्ट्रीय वन अस्तित्वात आलं. जळालेल्या, उघड्या जमिनीवर सगळ्यात आधी येणाऱ्या झाडांत पेपर बर्च असतो. आज डोंगरउतारावर पांढऱ्या खोडांचे आणि पिवळ्या पानांचे जे पट्टे दिसतात, त्यांतल्या कित्येकांच्या मुळाशी त्या जुन्या आगी आहेत.

कुठलं झाड, कुठला रंग

झाडं ओळखता आली की गाडीतूनही कळतं की रंग चढतो आहे की उतरतो आहे.

सगळ्यात आधी पेटतो तो रेड मॅपल. पाणथळ जागी, तळ्याकाठी, ओढ्यालगत उभी असलेली ही झाडं सप्टेंबरच्या मध्यालाच लाल व्हायला लागतात. ती बघून "पीक आलं" असं समजणं ही नवख्यांची नेहमीची चूक. पाणथळीतलं झाड आधीच ताणाखाली असतं, म्हणून ते घाई करतं. मागचा डोंगर हिरवा असेल तर अजून आठ-दहा दिवस आहेत. शुगर मॅपल म्हणजे ज्याच्या रसापासून मॅपल सिरप करतात तो. त्याच्या एकाच झाडावर पिवळा, नारिंगी आणि लाल एकत्र दिसतात: उन्हाच्या बाजूची पानं लालसर, सावलीतली पिवळी. न्यू इंग्लंडच्या रंगांना जी झळाळी आहे ती मुख्यतः याची.

यलो बर्च आणि पेपर बर्च पिवळे. बीच आधी पिवळा, मग तांब्यासारखा होतो, आणि त्याची कोवळी झाडं वाळलेली पानं हिवाळाभर अंगावर बाळगतात. रस्त्याच्या कडेला सावलीत हंसाच्या पावलासारखी मोठी, फिकट पिवळी पानं दिसली तर तो स्ट्राइप्ड मॅपल. त्याच्याही खाली, गुडघ्या-कमरेच्या उंचीवर हॉबलबुश हे झुडूप असतं. त्याच्या गोलसर पानांवर एकाच वेळी हिरवा, जांभळा आणि मरून रंग असतो. लोक वर बघत चालतात आणि हे झुडूप त्यांच्या नजरेतून सुटतं. ओक सगळ्यात शेवटी, विटकरी-तपकिरी होतात; ते खालच्या भागात आणि दक्षिणेकडे जास्त. या सगळ्यामागे स्प्रूस आणि फर या सूचिपर्णी झाडांची काळपट हिरवी पार्श्वभूमी असते. ती नसती तर लाल रंग एवढा उठून दिसला नसता.

पिवळा रंग पानात उन्हाळाभर असतोच. दिवस लहान होऊ लागले की झाड हरितद्रव्य नव्याने करणं थांबवतं, हिरवा ओसरतो आणि खालचा पिवळा, कॅरोटिनॉइडांचा रंग उघडा पडतो. लाल रंगाचं तसं नाही. अँथोसायनिन हे रंगद्रव्य झाड शरदातच तयार करतं, आणि त्यासाठी पानात साखर आणि वर ऊन दोन्ही लागतं. देठाच्या मुळाशी पेशींचा एक थर तयार होऊन पानाची वाट बंद होऊ लागते, साखर पानातच अडकते, आणि दिवसा लख्ख ऊन व रात्री थंडी, पण गोठणबिंदूच्या वरची, अशी हवा मिळाली की लाल चढतो. म्हणून पिवळा दरवर्षी जवळजवळ सारखा असतो आणि लाल मात्र वर्षागणिक बदलतो. ढगाळ, उबदार सप्टेंबर गेला की लाल फिका. अवेळी कडक हिम पडलं की पान रंगायच्या आधीच करपून तपकिरी. उन्हाळा कोरडा गेला तर झाडं लवकर रंगतात आणि लवकर गळतात. २०२५ साली न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँटमध्ये दुष्काळ होता, तशा वर्षी नेहमीच्या तारखांच्या आधी निघावं.

हेच अँथोसायनिन आपल्याकडेही दिसतं, पण उलट्या टोकाला. चैत्रात कुसुमाच्या झाडाला येणारी लालभडक पालवी सह्याद्रीत पाहिली असेल. तिथे कोवळं पान लाल असतं, इथे म्हातारं. आपली पानगळ शिशिरातली आणि पाण्याच्या ओढीने होणारी. इथली शरदातली, थंडीच्या तयारीची. आपलं पंचांग ज्या दिवसांना शरद म्हणतं, त्याच दिवसांत, दसरा-कोजागिरीच्या आसपास, इथे डोंगर रंगतात. आपट्याची पानं सोनं म्हणून लुटणाऱ्यांना इथल्या पिवळ्या बर्चखाली उभं राहून दसरा वेगळा समजवावा लागत नाही.

केव्हा, आणि कुठल्या उंचीवर

सर्वसाधारण वर्षी हिशेब असा बसतो. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खिंडीजवळचा भाग रंगात येतो आणि कॉनवे हिरवं असतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मधली उंची, म्हणजे सॅबडे फॉल्स, बेअर नॉच रोड, हँकॉकचं वळण हे सगळं भरात असतं (हे थांबे पुढे येतील; नॉच म्हणजे डोंगरातली खिंड). एकच आठवडा निवडायचा असेल तर हा. दुसऱ्या आठवड्यात रंग स्विफ्ट नदीच्या खालच्या भागात आणि कॉनवेच्या आसपास उतरलेला असतो, वर मात्र फांद्या दिसू लागतात. १५ तारखेनंतर आलात तर खिंडीत वेळ घालवू नका. खालच्या दऱ्यांत बीच आणि अ‍ॅस्पेन अजून रंगात असतात, आणि परतीच्या वाटेवर दक्षिणेकडचे ओक. याच्या उलट, सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातच सुट्टी मिळाली असेल तर कँकपेक्षा राज्याच्या उत्तर टोकाला, डिक्सव्हिल नॉचकडे जा.

राज्याच्या पर्यटन खात्याचा फॉलिएज नकाशा दर आठवड्याला बदलतो आणि उपयोगी आहे, पण तो वाचताना एक ध्यानात ठेवा: एका अख्ख्या प्रदेशाला एकच टक्केवारी दिलेली असते, आणि त्या प्रदेशात दरीही असते, माथाही असतो. साठ टक्के म्हणजे वर नव्वद आणि खाली तीस असू शकतं. त्यापेक्षा निघायच्या आदल्या दिवशी वेबकॅम बघावेत. माउंट वॉशिंग्टन वेधशाळेचे कॅमेरे याच डोंगरांकडे रोखलेले आहेत.

टाळायचा दिवस एकच, पण तो कटाक्षाने टाळा: ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारच्या कोलंबस डेचा लाँग वीकेंड. त्याच सोमवारी कॅनडातही थँक्सगिव्हिंगची सुट्टी असते, त्यामुळे दक्षिणेकडून बॉस्टन आणि उत्तरेकडून क्विबेक, दोन्ही एकाच रस्त्यावर येतात. लिंकनमध्ये गाड्यांची रांग लागते आणि पार्किंग सकाळीच भरतं. त्या वीकेंडच्या आधीचा किंवा नंतरचा मंगळवार-बुधवार धरला तर तोच रस्ता निवांत मिळतो. एक दिवसाची रजा यासाठी घालवणं माझ्या मते पूर्ण वसूल होतं.

कुठून कुठे जायचं

बॉस्टनहून बहुतेक लोक आय-९३ या महामार्गाने दोन-सव्वादोन तासांत लिंकनला येतात आणि तिथून पूर्वेकडे निघतात. सकाळी असं केलं की दोन अडचणी येतात: समोरून तिरपं ऊन थेट डोळ्यांत, आणि गर्दी तुमच्याच दिशेची. उलट करा. राज्य मार्ग १६ ने वर या. कँकचं पूर्वेचं टोक कॉनवे गावाच्या अलीकडेच डावीकडे फुटतं, त्यामुळे नॉर्थ कॉनवेच्या आउटलेट दुकानांच्या कोंडीत शिरावं लागत नाही. सकाळी ऊन पाठीशी असतं, समोरचा डोंगर उजळलेला दिसतो. दुपारपर्यंत खिंड, संध्याकाळी लिंकन, मग आय-९३ ने परत.

न थांबता हा रस्ता तासाभरात संपतो. थांबत, चालत, डबा खात गेलं तर पाच ते सहा तास धरा. सूर्योदय ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पावणेसातच्या सुमारास आणि सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो. पहिल्या थांब्यावर साडेआठच्या आत पोचलात तर पार्किंगची चिंता संपली. न्यू जर्सीहून एका दिवसात जाऊन येण्याचं हे अंतर नाही. आदल्या रात्री कॉनवेच्या बाजूला मुक्काम करा, लिंकनच्या नाही.

निघताना टाकी पूर्ण भरा. इलेक्ट्रिक गाडी असेल तर चढ आणि थंडी धरून चार्ज जास्त ठेवा. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. ट्रेलहेडच्या, म्हणजे चालायच्या वाटा जिथून सुरू होतात तिथल्या, पार्किंगमध्ये वनखात्याची फी दिवसाला ५ डॉलर आहे. तिथे लोखंडी पेटी असते: पाकिटात पैसे घालून पेटीत टाकायचे आणि फाडलेला तुकडा डॅशबोर्डवर ठेवायचा. पेटी सुटे देत नाही आणि फोनला रेंज नसते, म्हणून पाच डॉलरच्या दोन-तीन नोटा खिशात हव्यात. एकदा भरलेली फी त्या दिवशी बाकीच्या थांब्यांनाही चालते, तेव्हा तो तुकडा टाकून देऊ नका. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असेल तर तोही चालतो. स्वच्छतागृहं बऱ्याच थांब्यांवर आहेत, पण ती बिनपाण्याची. पिण्याचं आणि हात धुण्याचं पाणी बरोबर ठेवा.

थांबे आणि चालायच्या वाटा

कॉनवेकडून सहा मैलांवर उजव्या हाताला अल्बनीचा आच्छादित पूल लागतो. १८५८ सालचा, १२० फूट लांब, लाकडी. अशा पुलांना छप्पर असतं ते सौंदर्यासाठी नाही. खालच्या लाकडी कैच्या पावसाबर्फात कुजू नयेत म्हणून. पुलाच्या तोंडाशी सगळेच फोटो काढतात, पण नदीकाठी दगडांवर उतरून पूल, पाणी आणि मागची मॅपल एका चौकटीत घेतली तर जास्त छान दिसतं.

पुढे मैलभरावर लोअर फॉल्स आणि त्यानंतर दोन मैलांवर रॉकी गॉर्ज. वेळ कमी असेल तर लोअर फॉल्स सोडा, रॉकी गॉर्ज सोडू नका. पार्किंगपासून पुलापर्यंत वाट सोपी आहे, घळीवरच्या पादचारी पुलावरून स्विफ्ट नदी खडकातून कशी घुसते ते दिसतं, आणि पूल ओलांडून दोन-तीन मिनिटांत फॉल्स पाँड हे तळं लागतं. बहुतेक लोक पुलावरूनच परत फिरतात. तळ्याभोवतीची वाट मैलाच्या आतली आहे, मुळांमुळे थोडी खडबडीत, पण चढ जवळजवळ नाही. वारा पडलेल्या सकाळी तळ्यात समोरचा सगळा काठ उलटा दिसतो. नऊ-साडेनऊनंतर वारा सुटला की ते प्रतिबिंब मोडतं, म्हणून हा थांबा लवकर घ्यावा. घळीत पोहायला मनाई आहे. खडकांवर शेवाळ आणि ओली पानं असतात, मुलांचा हात धरून चाला.

कॉनवेपासून बारा-तेरा मैलांवर उजवीकडे बेअर नॉच रोड फुटतो. साधारण नऊ मैलांचा हा रस्ता बार्टलेटला निघतो, हिवाळ्यात बंद असतो, आणि कँकवर कोंडी झाली तर सुटकेचा हाच मार्ग. झाडं दोन्ही बाजूंनी रस्त्यावर वाकलेली, गाड्या कमी. बार्टलेटहून मार्ग ३०२ ने क्रॉफर्ड नॉचमधून वर जाऊन फ्रँकोनिया नॉचने लिंकनला उतरता येतं. गर्दीच्या दिवशी मी हाच फेरा सुचवेन.

सॅबडे फॉल्स कॉनवेकडून पंधरा मैलांवर आहे. जायला अर्ध्या मैलाच्या आत, रुंद खडीची वाट, हळूहळू चढणारी. शेवटी कठडा असलेल्या पायऱ्या. पाणी टप्प्याटप्प्याने उतरतं आणि मग काटकोनात वळून एका चिंचोळ्या घळीत शिरतं. कोरड्या शरदात धार बारीक होते, पण इथली खोलगट जागा वाऱ्यापासून आडोशाला असल्याने वरची पानं गळाल्यावरही इथे रंग टिकतो.

त्यापुढे शुगर हिल, मग खिंड आणि खिंडीपलीकडे पेमिजवॅसेट व हँकॉकची दर्शनस्थळं. इथे चालायचं काही नाही, गाडीतून उतरून बघायचं. कॉनवे आणि खिंडीच्या तापमानात सहज चार-पाच अंशांचा फरक असतो, वर वाराही असतो. खाली स्वेटर काढून ठेवलेले लोक इथे कुडकुडतात. सकाळी खाली शून्य ते पाच अंश सेल्सिअस आणि दुपारी पंधराच्या आसपास असं धरून पातळ कपड्यांचे तीन थर घाला. एकच जाड जॅकेट दुपारी जड होतं आणि सकाळी अपुरं पडतं.

खिंडीनंतर उतार तीव्र आहे आणि मधेच जवळजवळ पूर्ण उलटं फिरणारं हेअरपिन वळण आहे. घाट उतरताना करतो तेच करा: गिअर खालचा, ब्रेकवर सतत पाय नको. ओल्या पानांचा थर रस्त्यावर बसला की टायर बर्फासारखे घसरतात, आणि सावलीतल्या वळणावर तो दुपारपर्यंत वाळत नाही. कुणी मागे चिकटून येत असेल तर पुढच्या थांब्यावर बाजूला होऊन त्याला जाऊ द्या. दृश्य दिसलं म्हणून रस्त्यातच थांबू नका. या रस्त्यावर त्यामुळेच मागून धडका बसतात.

लिंकनच्या अलीकडे पाच मैलांवर लिंकन वूड्स. ज्यांना फक्त सपाट चालायचं आहे त्यांच्यासाठी याच्यासारखी दुसरी वाट नाही. नदीवरचा झुलता पूल ओलांडला की जी सरळ, रुंद वाट सुरू होते, ती ईस्ट ब्रँच अँड लिंकन या लाकूडवाहू रेल्वेचा जुना मार्ग आहे. ही रेल्वे १९४८ साली बंद पडली. रूळ गेले, सपाटपणा राहिला. जवळजवळ तीन मैल वाट नदीला समांतर जाते. वीस मिनिटं चाला नाहीतर दोन तास, जिथे कंटाळा येईल तिथून परत फिरा.

भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील तर रॉकी गॉर्जचा पूल, खिंडीची दर्शनस्थळं आणि लिंकन वूड्स एवढंच ठेवा. सॅबडेच्या पायऱ्या गुडघे दुखणाऱ्यांना उतरताना त्रास देतात, आणि लिंकन वूड्सचा पूल चालताना हलतो हे त्यांना आधी सांगा. फोटोंत सगळीकडे दिसणारी आर्टिस्ट्स ब्लफ ही फ्रँकोनिया नॉचमधली जागा "सोपी" म्हणून सांगितली जाते. अंतर खरंच कमी आहे, पण चढ दगडी पायऱ्यांचा आणि उभा आहे. वरून एको लेक आणि कॅनन डोंगर अप्रतिम दिसतात, तरी ती तरुण पायांची जागा. तिथे पार्किंग भरलं म्हणून हायवेच्या कडेला गाडी लावली तर दंड होतो. शेजारच्या फ्लूम गॉर्जचं तिकीट वेळ ठरवून आधीच ऑनलाइन काढावं; दोन मैलांचा फेरा आहे आणि पायऱ्या भरपूर. जास्त चालू शकणाऱ्यांना मी क्रॉफर्ड नॉचमधला माउंट विलर्ड सांगेन: जायला १.६ मैल, ९०० फूट चढ, पण वाट जुन्या घोडागाडीच्या रस्त्याची असल्याने चढ सौम्य, आणि वरून अख्खी दरी पायाशी. लहान मुलं असतील तर नॉर्थ कॉनवेजवळचं डायनाज बाथ्स. रुंद, सपाट वाट, जायला ०.६ मैल.

डबा घरून न्या. दशम्या, धपाटे, कोरडी चटणी हे थंड हवेत दिवसभर टिकतं आणि गार झालं तरी चांगलं लागतं. खाऊन झाल्यावर उरलंसुरलं आणि साली गाडीतच ठेवा, कचऱ्याच्या ढिगात किंवा झाडाखाली टाकू नका. हे अस्वलांचं जंगल आहे आणि हिवाळ्याआधी ती सतत खाण्याच्या शोधात असतात.

थंडी पडली म्हणजे गोचिडी गेल्या असं अनेकांना वाटतं. ते चूक आहे. लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडींची मोठी पिढी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच जास्त फिरत असते, आणि फोटोसाठी पानांच्या ढिगात लोळणारी मुलं त्यांना आयती सापडतात. पँट मोज्यात खोचा, संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, केसांत तपासा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडी, असले उपाय नकोत. शिवाय राष्ट्रीय वनात शिकारीला परवानगी असते आणि शरद हा शिकारीचा हंगाम, म्हणून मुख्य वाटा सोडून आत जाणार असाल तर भडक नारिंगी टोपी किंवा जाकीट घाला.

फोटोचं थोडं

स्वच्छ निळं आकाश सगळ्यांना हवं असतं, पण जंगलाच्या आत त्या उन्हाने पानांवर पांढरी चकाकी आणि जमिनीवर काळे डाग पडतात. आतले फोटो ढगाळ दिवशी किंवा पाऊस थांबल्यावर लगेच काढा. ओल्या खोडांचा काळा रंग आणि पानांचा लाल एकमेकांना उठाव देतात. कॅमेरा असेल तर पोलरायझर फिल्टर ही एकच गोष्ट विकत घ्या. पानावरची आणि पाण्यावरची चकाकी तो काढतो, आणि सूर्य आपल्या उजव्या किंवा डाव्या खांद्याच्या दिशेला असताना सगळ्यात जास्त काम करतो. फोनवर लाल रंग भडकून त्यातले बारकावे पुसले जातात, तेव्हा उजेड किंचित कमी करून घ्या. उन्हात उभं राहायचंच असेल तर सूर्याच्या समोर तोंड करून, पानांतून आरपार येणारा उजेड बघा; मॅपलचं पान तेव्हा आतून पेटल्यासारखं दिसतं.

उतरताना

खिंडीपलीकडचं पेमिजवॅसेट दर्शनस्थळ पश्चिमेला उघडं आहे, म्हणून सूर्यास्ताला तिथे थांबायचा मोह होतो, आणि थांबावंही. मात्र तिथून पुढचा रस्ता अंधारात आहे, आणि पहाटे व तिन्हीसांजेला मूस, म्हणजे इथली अवाढव्य हरणं, रस्त्यावर येतात. सप्टेंबर-ऑक्टोबर हा त्यांच्या मीलनाचा काळ, त्यामुळे जास्तच. मूसचा रंग जवळजवळ काळा, आणि डोळे एवढ्या उंचीवर की हेडलाइटमध्ये हरणासारखे चमकत नाहीत. लांब पायांवरचं शेकडो किलोंचं धड बॉनेटवरून सरळ काचेवर येतं, म्हणून इथे टक्कर जीवघेणी ठरते. समोर गाडी नसेल तेव्हा हाय बीम, पाट्यांवरच्या वेगापेक्षाही कमी वेग, आणि शेजारी बसलेल्याने झोपायचं नाही: त्याने रस्त्याच्या उजव्या कडेवर नजर ठेवायची, चालवणाऱ्याने समोर. एक मूस रस्ता ओलांडून गेला तरी लगेच गाडी दामटू नका. मागे दुसरा असू शकतो. लिंकनचे दिवे दिसेपर्यंत असंच, सावकाश.